सपाटीवर राहून लेह-खारदुंगलाची तयारी: कमी ऑक्सिजनच्या ट्रेनिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबरच्या लडाख मॅरेथॉनची नोंदणी झाली की पुण्या-मुंबईच्या रनिंग ग्रुप्समध्ये तेच ते प्रश्न फिरायला लागतात, ट्रेनिंग मास्क घेऊ का, झोपायचा कमी ऑक्सिजनचा तंबू भाड्याने मिळतो का, कापूर खरंच चालतो का. एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणारे ट्रेकरही हेच विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, धावणारा आहे आणि या विषयावरचं सापडेल ते वाचत असतो, त्यामुळे खाली औषधांचं जे आलंय ते तुमच्या डॉक्टरशी बोलूनच करा.

वर ऑक्सिजन नक्की किती कमी असतो?

टक्केवारी कमी होतच नाही. दादरला हवेत 20.9 टक्के ऑक्सिजन आहे आणि लेहच्या वरच्या खारदुंगला खिंडीत पण 20.9 टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला 760 मिलिमीटर पाऱ्याचा दाब, लेहला म्हणजे साधारण 3,500 मीटरवर तो 500 च्या आसपास येतो, म्हणजे तेवढाच श्वास घेतला तरी आत जाणारा ऑक्सिजन जेमतेम 65 टक्के. खारदुंगला 5,359 मीटर, तिथे जवळपास निम्मा. (तिथल्या जुन्या पाटीवर 18,380 फूट लिहिलेलं असायचं आणि सगळ्यांचे फोटो त्या पाटीसोबतच आहेत, पण खरी उंची 17,600 फुटांच्या आतच आहे.) एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांश.

घरातला हायपोक्सिक म्हणजे कमी ऑक्सिजनचा तंबू उलटं करतो. दाब तोच ठेवून ऑक्सिजनची टक्केवारी खाली आणतो. साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास नेली की 2,500 मीटर उंचीसारखं, साडेतेराच्या आसपास नेली की लेहसारखं. दोन्ही गोष्टी शरीरासाठी अगदी सारख्या नाहीत, खऱ्या डोंगरात दाबही कमी असतो, थंडी असते, हवा कोरडी असते. पण बऱ्यापैकी जवळ जातं.

शरीर जुळवून घेतं म्हणजे आत काय होतं?

हे नीट वाचा कारण पुढची सगळी उत्तरं यावर उभी आहेत.

पहिलं काम श्वासाचं. मानेतल्या मोठ्या धमनीपाशी एक छोटासा सेन्सर असतो, रक्तातला ऑक्सिजन घसरला की तो काही मिनिटांत मेंदूला सांगतो श्वास वाढव. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त थोडं अल्कलाइन होतं, आणि मग मेंदू म्हणतो थांब, एवढा श्वास नको. म्हणजे एक यंत्रणा ढकलतेय आणि दुसरी ब्रेक मारतेय. हा ब्रेक किडनी सोडवते, लघवीतून बायकार्बोनेट बाहेर टाकून, आणि त्याला दोन-तीन दिवस तरी लागतात. वर गेल्यावर सारखं लघवीला जावं लागतं ते यामुळेच, ती चांगली खूण आहे, त्यासाठी पाणी कमी पिऊ नका.

दुसरं, रक्तातलं पाणी म्हणजे प्लाझ्मा कमी होतो, रक्त थोडं घट्ट होतं. पहिल्या काही दिवसांत हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं ते याच्यामुळे, नवीन पेशी अजून तयार झालेल्या नसतात.

तिसरं, किडनी ईपीओ नावाचं हार्मोन सोडते, काही तासांत सुरुवात होते आणि एक-दोन दिवसांत ते टिपेला पोचतं, पण त्यातून लाल पेशींचा साठा खरोखर वाढायला तीन-चार आठवडे जातात. पेशींना ऑक्सिजन कमी पडलाय हे कळतं कसं, या शोधाला 2019 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना.

आता मुद्दा असा की आठवड्याभराच्या लेह ट्रिपला तुम्हाला उपयोगी पडतं ते पहिलं, श्वासाचं. लाल पेशींचं सगळे बोलतात, पण तिथपर्यंत तुमची सुट्टी संपलेली असते. आणि श्वासाचं जुळणं तासांच्या हिशोबाने होतं, तुम्ही कमी ऑक्सिजनमध्ये किती तास काढले यावर. किती दमलात याला तिथे फारशी किंमत नाही.

मी सब-फोर (चार तासांच्या आत धावणारा) मॅरेथॉनर आहे, मला त्रास होईल का?

होऊ शकतो. फिटनेस आणि उंचीचा त्रास यांचा संबंध नाहीये. उलट फिट माणूस पहिल्याच दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या धावत चढतो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो, शेजारचे काका मात्र चहा पीत हॉटेलातच बसलेले असतात आणि ठणठणीत असतात.

आपल्याकडे हे सगळ्यात आधी सैन्याने अनुभवलं. 1962 च्या युद्धात सपाटीवरच्या जवानांना घाईघाईने उंचावर पाठवावं लागलं, तरणेबांड जवान होते, तरी आजारी पडले. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी 1,925 जवानांची माहिती 1969 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापली, आजही ते काम जगभर वाचलं जातं. सैन्याचं वेळापत्रक आता टप्प्याटप्प्याचं आहे, 9,000 ते 12,000 फुटांवर सहा दिवस, 15,000 पर्यंत आणखी चार, त्याच्या वर आणखी चार. आणि आपण शुक्रवारी मुंबईहून विमानाने जाऊन रविवारी खारदुंगलाला बुलेटवर.

रोज सिंहगड केला तर? किंवा दर वीकेंडला कळसूबाई?

पायांसाठी उत्तम, मांड्या आणि गुडघे तयार होतात, खास करून उतरताना. खारदुंगला चॅलेंज ही शर्यत 72 किलोमीटरची आहे, खारदुंग गावातून निघून खिंड ओलांडून खाली लेहला येते, म्हणजे शेवटचा बराच भाग उतारच उतार, तिथे सिंहगडच कामाला येतो. पण उंचीचा सराव म्हणून शून्य. कळसूबाई 1,646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक, तिथे रक्तातलं ऑक्सिजनचं सॅच्युरेशन फारसं हलतही नाही. सह्याद्रीत अ‍ॅक्लमटायझेशन (शरीराचं उंचीशी जुळवून घेणं) होत नाही, कितीही वेळा चढा.

ट्रेनिंग मास्क घेऊ का? जिममध्ये एकजण लावतो.

नको. मास्क हवेचा रस्ता अरुंद करतो, हवेतला ऑक्सिजन 20.9 चाच राहतो. श्वासाच्या स्नायूंना थोडा व्यायाम होतो, गुदमरल्यासारखं वाटतं म्हणून काहीतरी भारी चाललंय असं वाटतं, बास. वर त्या मास्कमुळे तुमचा स्पीड पडतो म्हणजे खरा वर्कआउट पण बिघडला. फोटो चांगले येतात एवढं मान्य.

मग तंबूत झोपायचं म्हणजे नक्की काय करायचं?

पलंगावर बसणारा किंवा नुसतं डोकं-खांदे झाकणारा प्लास्टिकचा तंबू असतो, बाहेर एक मशीन, ते हवेतला काही ऑक्सिजन काढून उरलेली नायट्रोजन जास्त असलेली हवा पाइपने आत सोडत राहतं. हवा सतत आत येते आणि फटींतून बाहेर जाते, तंबू हवाबंद नसतो आणि नसावाच.

पद्धत साधारण अशी. पहिल्या काही रात्री 1,500 ते 2,000 मीटरच्या सेटिंगला, मग दर दोन-तीन रात्रींनी थोडं थोडं वर, लेहसाठी 3,000 च्या आसपास पोचलात तरी पुष्कळ. बोटाला ऑक्सिमीटर लावून झोपायचं आणि सकाळी कसं वाटतंय ते बघायचं, डोकं दुखतंय, झोप मोडतेय असं असेल तर एक पायरी खाली या, त्यात कमीपणा नाही. रात्रीचे सात-आठ तास, सलग दोन-तीन आठवडे तरी. मधे मधे चार रात्री आणि मग लग्नाला गावी, असं केलं तर फार काही हाती लागत नाही.

याने किती फरक पडतो? अभ्यासांचे निकाल मिश्र आहेत, थोडा त्रास कमी होतो असं काहींत दिसतं, काहींत फारसा नाही, आणि तंबूत झोप खराब झाली तर ट्रेनिंगच घसरतं. माझ्या मते विमानाने थेट लेहला उतरणार असाल आणि सुट्टी अजिबात वाढत नसेल तरच याचा विचार करावा.

आणि तंबू संपल्यावर लगेच निघायचं. श्वासाचं जुळलेलं गणित सपाटीवर काही दिवसांतच सुटायला लागतं, त्यामुळे जूनमध्ये तंबू आणि सप्टेंबरमध्ये लेह हे पैसे पाण्यात.

मुंबईच्या फ्लॅटमध्ये तंबू चालतो का? धोका काय?

चालतो, पण उकडतं. आत माणसाच्या अंगाची उष्णता आणि बाष्प साचतं, जून महिन्यात एसी असूनही घामाघूम. मशीनचा आवाज होतो, लांब पाइप घेऊन ते दुसऱ्या खोलीत ठेवतात. घरच्यांची परवानगी हा वेगळा विषय.

खरा धोका कार्बन डायऑक्साइडचा. लाइट गेली, मशीन बंद पडलं की आत ताजी हवा येणं थांबतं आणि तुम्ही सोडलेलाच श्वास परत घेत बसता. आत ऑक्सिजन मोजणारं मीटर पाहिजे, शक्यतो कार्बन डायऑक्साइडचंही, अलार्मसहित, आणि घरात दुसरं कोणीतरी असावं. झोपेत घोरणारे, स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) असलेले यांनी हे करूच नये. यूट्यूब बघून नायट्रोजनचा सिलिंडर आणून घरगुती जुगाड करणारे पण असतात. जीव जातो त्याने, आधी चक्करसुद्धा येत नाही, माणूस सरळ बेशुद्ध होतो.

जिममध्ये अल्टिट्यूड चेंबर आहे, आठवड्यातून तीनदा तासभर ट्रेडमिल केली तर?

स्नायूंमध्ये थोडेफार बदल होतात, पण रक्तात आणि श्वासात फार नाही, तासच कमी पडतात. शिवाय कमी ऑक्सिजनमध्ये तुम्ही हळू धावता म्हणजे पायांना मिळणारा ताण पण कमी. एक फायदा मी मानतो, वर गेल्यावर दम कसा लागतो आणि कुठल्या पेसला गाडी पंक्चर होते हे आधी कळतं, म्हणून जायच्या आधी दोन-चार सेशन करायला हरकत नाही. खुर्चीत बसून मास्कमधून पाच मिनिटं कमी ऑक्सिजन, पाच मिनिटं साधी हवा असं तासभर करणारी पॅकेजेस पण विकतात, धावण्याच्या दृष्टीने त्यात मला दम वाटत नाही.

मोठे अ‍ॅथलीट मग काय करतात?

उंचावर राहतात, आणि जमलं तर जोराचं ट्रेनिंग खाली येऊन करतात. याची गोष्ट 1968 च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकपासून सुरू होते, 2,240 मीटरवर स्पर्धा, लांब पल्ल्याच्या शर्यतींचे टायमिंग कोसळले, जागतिक विक्रमवाला ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क 10,000 मीटरनंतर बेशुद्ध पडला, आणि त्याच विरळ हवेत बॉब बीमनने 8.90 मीटर लांब उडी मारली. पुढे 1997 मध्ये अमेरिकेत लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन यांनी 39 धावपटूंवर प्रयोग केला, जे चार आठवडे 2,500 मीटरवर राहिले आणि 1,250 मीटरवर ट्रेनिंग करत होते त्यांचं 5,000 मीटरचं टायमिंग सरासरी 13 सेकंदांच्या आसपास सुधारलं. वर राहून वरच ट्रेनिंग करणाऱ्यांचं नाही. फिनलंडवाल्यांकडे डोंगर नाहीत, म्हणून त्यांनी नव्वदच्या दशकात नायट्रोजन भरलेली घरंच बांधली, आजचे तंबू त्याचेच छोटे भाऊ.

आपला बीडचा अविनाश साबळे पण कोलोराडो स्प्रिंग्जला आणि उटीला राहून ट्रेनिंग करत आलाय. त्याआधी तो जवान म्हणून सियाचीनला होता, पण ते काही ट्रेनिंग म्हणून नव्हतं.

हे डोपिंग नाही का?

जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने 2006 मध्ये तंबूंवर बंदी घालायचा विचार केला होता, शेवटी घातली नाही. नॉर्वेने मात्र आपल्या खेळाडूंना मनाई केली होती. हौशी धावपटूंनी याची काळजी करू नये, पण खाली डायमॉक्सचं वाचा.

प्राणायामाने होईल का?

सपाटीवर रोज अनुलोम-विलोम केल्याने लेहचं अ‍ॅक्लमटायझेशन होत नाही, कारण त्यात शरीराला तासन्‌तास ऑक्सिजन कमी पडत नाही. कुंभक करून श्वास रोखला तरी ते काही सेकंदांचं काम. पण वर पोचल्यावर सावकाश, खोल, पोटातून श्वास घेण्याची सवय खरंच उपयोगी आहे, ऑक्सिमीटर बोटाला लावून दहा मिनिटं करून बघा, आकडा वर जाताना दिसतो. तेव्हा शिकून जा, फक्त अपेक्षा योग्य ठेवा.

कापूर? लसूण? ऑक्सिजनचा कॅन?

कापराची पुरचुंडी अमरनाथपासून लेहपर्यंत प्रत्येक मराठी सॅकमध्ये असते. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. लसणाचं सूप गरम असतं आणि थंडीत छान लागतं, प्या. कॅन काही मिनिटांत संपतो आणि तुम्ही जिथे होता तिथेच, उलट त्याच्या भरवशावर त्रास होत असताना वर चढणं हे वाईट. खरा त्रास असेल तर खाली उतरणं किंवा हॉस्पिटलमधला सिलिंडर, मधलं काही नाही.

आयर्नच्या गोळ्या घेऊ का?

आधी रक्त तपासा, हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) पण. लाल पेशी बनवायला लोह लागतं, साठा रिकामा असेल तर तंबूत महिना काढला काय आणि उटीला राहिलात काय, कच्चा मालच नाही. आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये आणि शाकाहारी धावपटूंमध्ये, हिमोग्लोबिन ठीक पण फेरिटिन तळाला असं खूप दिसतं. दोन-तीन महिने आधी तपासा कारण साठा भरायला वेळ लागतो. रिपोर्ट न बघता गोळ्या मात्र नको, जास्त लोहही शरीराला चांगलं नाही.

डायमॉक्स घेतली की ट्रेनिंगची गरजच काय?

डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, ते वर सांगितलेलं किडनीचं काम लवकर करून देतं, बायकार्बोनेट बाहेर, ब्रेक सैल. म्हणजे लक्षणं झाकत नाही, प्रक्रियाच वेगाने पुढे नेतं. प्रतिबंधासाठी मोठ्यांना सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, सोडा-कोला बेचव लागतो. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरला आधी सांगा. आणि ज्यांची डोप टेस्ट होऊ शकते त्यांनी लक्षात ठेवा, हे बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहे, परवानगीशिवाय घ्यायचं नाही.

कोणी या भानगडीत पडूच नये?

गरोदर बायका, हार्टचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेले, नियंत्रणात नसलेला बीपी असलेले, यांनी डॉक्टरच्या होकाराशिवाय तंबूही नको आणि लेहही नको. आणखी एक गोष्ट फार कमी लोक बोलतात, सिकल सेल. नंदुरबार, गडचिरोली आणि एकूण विदर्भात बऱ्याच जणांच्या रक्तात याचं एक जनुक असतं, त्यांना कधीच काही त्रास झालेला नसतो, पण कमी ऑक्सिजनमध्ये त्या पेशी वाकतात आणि प्लीहेचा रक्तपुरवठा अडू शकतो, पोटात डावीकडे वर भयंकर दुखतं. घरात कोणाला सिकल सेल असेल तर जायच्या आधी एक साधी रक्ततपासणी करून घ्या.

तंबू भाड्याने घेऊ की चार दिवस आधी जाऊ?

आधी जा. तंबूचं भाडं, वीज, महिनाभराची मोडलेली झोप हे सगळं मांडा आणि त्याशेजारी लेहमधल्या होमस्टेचा आठवडाभराचा खर्च मांडा. खरी उंची 24 तास काम करते, तंबू फक्त रात्री.

वेळ असेल तर रस्त्याने जा, आणि श्रीनगरकडूनच. कारगिल 2,676 मीटरवर आहे, तिथे एक-दोन रात्री काढल्या की पुढे लेह सोपं जातं. मनाली रस्त्यावर सरचूला 4,290 मीटरवर झोपावं लागतं आणि तिथली रात्र अनेकांना आयुष्यभर आठवते. विमानानेच जाणार असाल तर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहा, तिसऱ्या दिवशी चाला, चौथ्या दिवशी हळू जॉग. 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा, हा नियम बेस कॅम्पवाल्यांनी पण पाठ करावा. खोकला वाढतोय आणि बसल्या जागी दम लागतोय, किंवा सरळ रेषेत चालता येत नाहीये, तर रात्र असली तरी खाली उतरा, सकाळची वाट बघू नका.

एव्हरेस्टवाले तर आठवड्यात जाऊन आले म्हणे?

मे 2025 मध्ये चार ब्रिटिश गिर्यारोहक लंडनहून निघून आठवड्याच्या आत माथ्यावर पोचले. बातम्यांमध्ये त्यांनी जायच्या आधी श्वासातून घेतलेल्या झेनॉन गॅसचं नाव गाजलं, पण त्यांनी त्याआधी कित्येक आठवडे हायपोक्सिक तंबूत झोपून काढले होते, आणि वर बाटलीतला ऑक्सिजन आणि शेर्पा होतेच. झेनॉनने चढाईत फायदा होतो याला पुरावा नाही असं गिर्यारोहण संघटनांच्या जागतिक महासंघाने आधीच सांगितलं होतं. तंबूचं श्रेय गॅसला गेलं असं मला तरी वाटतं.

लेहला पेस किती धरू?

1,500 मीटरच्या वर दर 100 मीटरला तुमची कमाल क्षमता साधारण एक टक्का घटते, म्हणजे लेहला 20 टक्क्यांच्या आसपास गेली. घरी 6 मिनिटांनी किलोमीटर धावत असाल तर मिनिटभर तरी जास्त धरा, चढाला चालायची लाज बाळगू नका. हार्ट रेटवर पण आंधळा भरवसा नको, वर कमाल हार्ट रेटच थोडा खाली येतो. बोलता येतंय का हीच टेस्ट.

लेहहून आल्यावर जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पीबी (स्वतःचं सर्वोत्तम टायमिंग) येईल का?

लेहमुळे नाही येणार. दहा-बारा दिवसांत लाल पेशी फारशा वाढत नाहीत, आणि ज्या वाढल्या असतील त्या सप्टेंबर ते जानेवारी टिकत नाहीत, काही आठवड्यांत सगळं जागेवर येतं. ऑक्टोबरच्या उन्हात लाँग रन केले तर त्याचा जास्त उपयोग होईल.